घरात दार नाही, मग थेरपी कुठे बसून घ्यायची? साताऱ्यातून ऑनलाइन समुपदेशन सुरू करणाऱ्यांसाठी

२०१९ च्या पावसाळ्यात पोवई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात मी नंबर लावून बसले होते. बाहेरच्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'मानसोपचारतज्ज्ञ'. वीस मिनिटांत वर्गातल्या एका मुलाची आई जिन्यावर दिसली आणि खालच्या मेडिकलमधून औषधं घेऊन आलेला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. "बाई, तुम्ही इथं?" नंबर यायच्या आतच मी छत्री उचलून खाली उतरले. संध्याकाळी चहाचा कप पुढे करत सासूबाईंनी विचारलंच, "नाक्यावर कुणाकडं गेलतीस गं?"

दोन वर्षांनी ऑनलाइन समुपदेशन सुरू केलं ते याच एका कारणासाठी. पाटी नाही, जिना नाही, कोण बघेल ही भीती नाही. पहिल्या सेशनला फोन हातात घेऊन बसले तेव्हा कळलं, की बाहेरच्या दाराचा प्रश्न सुटला आणि आतल्या दाराचा सुरू झाला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात पाच माणसं. आमच्याकडे दार लावून बसणं म्हणजे एक तर आजारी असणं, नाहीतर रुसणं.

ऑनलाइन थेरपीचे फायदे-तोटे सांगणारे लेख वेळ वाचतो, प्रवास वाचतो, नेट लागतं एवढं सांगून थांबतात. ते खरंच आहे, पण आपल्याकडे बरंचसं घोडं या आतल्या दाराशी अडतं. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. दीड वर्ष स्वतः सेशन घेतली आणि नंतर ओळखीतल्या दहा-बाराजणांना पहिला फोन लावायला मदत केली. त्यांनी जे विचारलं, त्याच क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: आपला त्रास फोनवर मावणारा आहे का?

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, शाळा किंवा ऑफिस नको वाटतं, कारण नसताना रडू येतं, नवरा-बायकोत शब्दाला शब्द लागतो. असा सौम्य किंवा मध्यम त्रास असेल तर व्हिडिओवरचं समुपदेशन समोरासमोरच्या इतकंच उपयोगी पडतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. इथे बिचकायचं कारण नाही.

पण काही वेळा ऑनलाइनच्या नादाला लागूच नये. मनात मरणाचे विचार येतायत आणि कसं, कधी हेही ठरायला लागलंय. कानात आवाज येतात. माणूस चार-चार दिवस झोपत नाही, जेवत नाही. बाळंतपणानंतर बाई स्वतःचं किंवा बाळाचं बरं-वाईट करीन असं बोलते. अशा वेळी सरळ सिव्हिलला, म्हणजे आपल्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे माणसाला घेऊन जा. घेऊन जा म्हणजे सोबत जा. गाडी नसेल तर १०८ लावा.

दारूचं वेगळं सांगते. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम फुटतो, कधी फिट येते, भास होतात. हे जीवावर बेतू शकतं. व्हिडिओ कॉलवरचा समुपदेशक त्याची नाडी बघू शकत नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे आधी प्रत्यक्ष जा. फोनवरचा आधार नंतर, सावरल्यावर कामाचा.

आणि ज्या माणसाकडून त्रास होतोय तोच शेजारच्या खोलीत बसलेला असेल, हात उगारणारा असेल, तर घरातून सेशन घेऊ नका.

दुसरी पायरी: पैसे न घालता एक फोन

सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच नंबर देते: १४४१६. हे टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. केंद्राच्या आरोग्य खात्याने १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू केलं आणि बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था त्याच्या मुळाशी आहे. चोवीस तास चालतं, पैसे पडत नाहीत, भाषांत मराठी आहे. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तज्ज्ञांकडे जोडून देतो.

याला नियमित थेरपी समजू नका. दर वेळी तोच माणूस भेटेल असं नाही. पण आपल्याला जे होतंय ते एका अनोळखी माणसाला मराठीत सांगून बघायची ही रंगीत तालीम आहे. वडूजच्या माझ्या एका मैत्रिणीने पहिल्या फोनवर फक्त "हॅलो" म्हटलं आणि ठेवून दिला. तिसऱ्या फोनवर ती अर्धा तास बोलली. चालतं असं.

तिसरी पायरी: समोरचा नेमका कोण?

इथे भले शिकलेले लोकही गोंधळतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. गोळ्या हाच लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. चाचण्या घेतो, थेरपी देतो आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. समुपदेशक हा तिसरा, आणि सगळ्यात मोठी गल्लत इथेच. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकलेलेही समुपदेशक, आणि आठवडाभराचा ऑनलाइन कोर्स करून 'माइंड कोच' झालेलेही समुपदेशकच.

म्हणून फोनवर विचारा, संकोच करू नका. शिक्षण काय, कुठे झालं, नोंदणी क्रमांक काय? आरसीआयच्या वेबसाइटवर नोंद असलेल्यांची नावं शोधता येतात. डॉक्टर असेल तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा. आपण कासार आळीत पातेलं घेताना चारदा वाजवून बघतो, इथे तर मन सोपवायचंय. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या समुपदेशक बाईंनी उलट स्वतःहून सांगितलं होतं, की मी औषधं देत नाही, गरज वाटली तर डॉक्टरांचं नाव सुचवीन. ज्याला राग आला, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

चौथी पायरी: भाषेचा हट्ट धरा

मला ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा विचाराल तर तो निवडीचा. साताऱ्यात बसून पुण्याची, ठाण्याची, नागपूरची बाई निवडता येते. दर आठवड्याला पुण्याला जायचं तर जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर आणि अख्खा दिवस. पाटण किंवा दहिवडीच्या माणसाला आणखी जास्त. ते सगळं पाऊण तासावर येतं. नवरा नवी मुंबईत माथाडी, बायको जावळीत, असं अर्ध्या तालुक्याचं घर आहे. दोघांनी दोन गावांहून एकाच वेळी समुपदेशकासमोर बसणं ऑनलाइनशिवाय जमलंच नसतं.

पण मोठी ॲप्स तुम्हाला जो मोकळा असेल तो जोडून देतात. मला पहिल्यांदा दिल्लीची मुलगी मिळाली. शिकलेली, मन लावून ऐकणारी. मी तिला हिंदीतून सांगत होते, की भावकीत वाटणीवरून बोलणं बंद आहे आणि चुलत दिराच्या लग्नात आम्हाला मानाचं पान नाही मिळालं. ती म्हणाली, "तो आप उन रिश्तेदारों से थोड़ी दूरी क्यों नहीं बना लेतीं?" दूरी? आमचं नि त्यांचं अंगण एक आहे, विहीर एक आहे, देव एकाच देव्हाऱ्यात आहेत. दोन सेशन तिला भावकी समजावण्यात गेली आणि पैसे मी भरले.

जीव घाबरा होणं, मन न लागणं, डोकं भणभणणं, घुसमट, तळतळाट, उबग ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत. दुसऱ्या भाषेत गेलं की सगळ्यांचं मिळून 'टेन्शन' होतं. नंतर कोल्हापूरकडच्या एक बाई मिळाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "घरात तुमचं जेवण कधी होतं, सगळ्यांच्या आधी की शेवटी?" मी फोन धरून रडले.

म्हणून नोंदणी करतानाच मराठीत बोलणारंच माणूस हवं, असं लिहा. नसेल तर ॲप सोडा, माणूस शोधा. आपल्या गावाकडचा असला तर दुधात साखर, पण अगदी आपल्याच गावचा नको. लग्नाच्या पंगतीत समोर बसला तर घास उतरत नाही. बोलणं कसं चालतं याचा अंदाज हवा असेल तर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'आवाहन' या यूट्यूब चॅनेलवरचे मराठी व्हिडिओ आधी बघा. निम्मी भीती तिथेच जाते.

पाचवी पायरी: जागा

आता मुद्द्याचं.

हेडफोन लावला की झालं, असं सगळ्यांना वाटतं. हेडफोनने समोरच्याचं बोलणं झाकतं, तुमचं नाही. आणि घरच्यांना ऐकायचं असतं ते तुमचंच. मी पहिली तीन सेशन "हो", "नाही", "तसंच", "ते मागच्यासारखं" एवढ्यावर काढली. बाईंनी चौथ्या वेळी विचारलं, "आत्ता तुम्ही एकट्या आहात का?" त्या विचारतील याची वाट बघू नका, सेशन सुरू होताच तुम्हीच सांगा.

मी करून पाहिलेल्या जागा सांगते. गच्ची: उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर उत्तम, पण शेजारच्या काकू वाळवण काढायला येतात तेव्हा विषय बदलावा लागतो. यवतेश्वरच्या रस्त्याला कडेला लावलेली गाडी: शांत, रेंज बरी, पण पावसात टपावर असा ताशा वाजतो की काही ऐकू येत नाही, आणि बाईमाणूस एकटी गाडीत बसलेली दिसली की दोनजण तरी काच वाजवतात. शाळेची प्रयोगशाळा, मधली सुट्टी संपल्यावरचा ऑफ तास: ही मला सगळ्यात मानवली. माझी एक भाची मुलींच्या हॉस्टेलवर राहते. ती शाहू स्टेडियमला फेऱ्या मारत फक्त आवाजावर सेशन घेते. चालता चालता तिला जास्त मोकळं बोलता येतं म्हणते, आणि कानात हेडफोन घालून बडबडत चालणाऱ्या मुलीकडे हल्ली कुणी वळूनही बघत नाही.

घरातच बसायचं असेल तर खोलीच्या बाहेर, दाराशी, रेडिओ किंवा पंखा लावा. आवाज आत नको, बाहेर हवा. समुपदेशकाशी एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. माझं होतं, "पेपर तपासायचे राहिलेत." ते म्हटलं की बाई शांतपणे दहावीच्या निकालावर बोलायला लागायच्या. अगदीच नाजूक गोष्ट असेल तर ती चॅटमध्ये टाइप करा आणि बाकीचं बोला. लिहायला सोपी जाणारी गोष्ट कधीकधी तोंडाने वर्षभर निघत नाही, हा ऑनलाइनचा छुपा फायदाच म्हणायचा.

घरच्यांना सांगावं का? मी पाच महिने सांगितलं नाही. नवऱ्याला "ट्रेनिंग आहे" म्हणायचे. शेवटी सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, "मग आई देवळात जाते ती वेळ घे की." इतकं सोपं होतं. पण प्रत्येक घरात इतकं सोपं असतं असं मी म्हणणार नाही. काही घरांत सांगितल्यावर आधी अंगारा येतो, मग देवऋषी.

रेंजचं दोन ओळींत. सातारा, कराड, फलटण शहरांत अडचण नाही. बामणोली, कोयनेच्या पाणलोटाचा भाग, कासच्या वरची गावं इथे व्हिडिओचा हट्ट सोडा, साधा फोन कॉल चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये लाइट जाणार हे धरून चाला. कॉल तुटला तर कोणी कोणाला परत लावायचा, हे आधीच ठरवा. नाहीतर ऐन बोलण्याच्या भरात फोन तुटतो आणि आपल्याला वाटतं, समोरच्याने कंटाळून ठेवला.

सहावी पायरी: पैसे आणि माहिती

मी सेशनला आठशे रुपये देत होते. माझ्या ओळखीत कुणी पाचशे देतं, कुणी दीड हजार. आठवड्याला एक धरलं तर महिन्याचा आकडा किरकोळ नाही. म्हणून बरेच जण पंधरा दिवसांनी घेतात. कमी फी होईल का हे विचारायला लाजू नका, अनेक जण विद्यार्थ्यांसाठी आणि अडचणीतल्यांसाठी कमी करतात.

पॅकेज मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका. एका ॲपवर 'बारावर दोन मोफत' बघून मी पैसे भरले. तिसऱ्या सेशननंतर समुपदेशक बदलला, पाचव्यानंतर पुन्हा बदलला. दर वेळी सासरी आल्यापासूनची कथा पहिल्यापासून सांगायची. परत मागितलेले पैसे अजून येतायत. एकेक सेशनचे द्या, चार झाल्यावर ठरवा.

विम्याचं लोक विचारतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजारालाही संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. पण पॉलिसी साधारणपणे दाखल झाल्यावरचा खर्च देते. ओपीडीचं कलम वेगळं नसेल तर घरबसल्या सेशनची पावती परत येईल. पावती घेऊन मात्र ठेवा.

याच कायद्यात उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिलेला आहे. ॲपच्या बाबतीत तो कागदावर राहू नये म्हणून डोळे उघडे ठेवा. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीने लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर मोजायला लावले. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. तरी कायद्यावर हवाला न ठेवता एवढं करा: ॲपला फोनमधले नंबर आणि फोटो उघडू देऊ नका, टोपणनाव चालत असेल तर तेच द्या, आणि सेशन रेकॉर्ड होतं का हे विचारा.

पण खरं सांगू का, आपल्याकडे माहिती फुटते ती परदेशी सर्व्हरवरून नाही, घरातल्या फोनवरून. लॉक स्क्रीनवर झळकतं, "आज ५ वाजता तुमचं थेरपी सेशन आहे." बँकेचा मेसेज सासऱ्यांच्या नंबरला जातो. पासबुक भरून आणलं की त्यात कंपनीचं नाव. मुलगी यूट्यूब उघडते आणि समोर 'नैराश्याची दहा लक्षणं'. सूचना बंद करा, पैसे स्वतःच्या खात्यातून द्या आणि ईमेल वेगळा काढा.

सातवी पायरी: पहिली चार सेशन

पहिल्या सेशनला समोरचा जास्त विचारतो, आपण जास्त सांगतो. जवळच्या एका माणसाचा नंबर आणि तुमचा पत्ता तो मागेल. घाबरू नका, हे चांगलं लक्षण. तुम्ही कॉलवर असताना काही झालं तर तो पुण्यातून कुणाला पाठवणार? हे न विचारणाऱ्याला तुम्हीच विचारा.

लगेच हलकं वाटेल असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर मला उलट जास्त जड वाटलं. दवाखान्यातून परत येताना निदान वाटेत सावरायला रस्ता असतो. इथे लॅपटॉप मिटला की दोन मिनिटांत कुकर लावायचा. म्हणून नंतरची वीस मिनिटं रिकामी ठेवा. मी दळण आणायला जायचे. घरात पीठ कधी कमी पडलं नाही.

स्क्रीनवर समोरच्याला तुमचा चेहराच दिसतो. पाय हलतोय, हाताने पदराचं टोक पिळताय, हे त्याला कळत नाही. ते सांगावं लागतं, "आत्ता माझे हात गार पडलेत." सुरुवातीला नाटकी वाटतं. आपल्या अंगाकडे लक्ष जायला लागतं, हा त्याचा फायदा.

चौथ्या सेशननंतर स्वतःला विचारा: हा माणूस मागचं लक्षात ठेवतो का, आपल्याला छोटी-मोठी करून बघण्यासारखी गोष्ट देतो का, की नुसतं 'हं हं' करतो? नुसतंच उपदेश करत असेल तर बदला. बदलताना त्याला वाईट वाटेल ही काळजी आपल्यालाच जास्त, विशेषतः बायकांना. एक मेसेज पुरतो.

गोळ्यांचं थोडं

२५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. त्यामुळे डॉक्टर व्हिडिओवर तपासून चिठ्ठी देऊ शकतात. झोपेच्या आणि सवय लागू शकणाऱ्या काही गोळ्यांवर मात्र बंधनं आहेत. त्या ऑनलाइन मिळत नाहीत म्हणून डॉक्टरवर चिडू नका, आणि सहज देणाऱ्यापासून लांब राहा. मूल अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस लागतं.

शक्य असेल तर डॉक्टरांना पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटा. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यांनीही माणूस उदास आणि थकलेला दिसतो. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. "चार दिवस घेतल्या, काही फरक नाही" म्हणून सोडणारे आणि "आता बरं वाटतंय" म्हणून एकदम बंद करणारे, दोघंही माझ्या ओळखीत आहेत, दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

थांबायचं कधी?

आठवड्याचे पंधरा दिवस, पंधराचा महिना, असं विरळ करत जा. एकदम गायब होऊ नका. शेवटचं सेशन ठरवून घ्या आणि त्यात एकच विचारा, की पुन्हा खाली घसरायला लागले तर मला आधी काय दिसेल? माझ्या बाईंनी मलाच उत्तर द्यायला लावलं. बराच वेळ विचार करून मी म्हटलं, "मी कपाळाला टिकली लावायची विसरते." त्यांनी ते लिहून घेतलं. आता दर दोन महिन्यांनी, सासूबाई गुरुवारी देवळात गेल्या की, बाईंचा व्हिडिओ कॉल येतो आणि पहिली नजर कपाळाकडेच जाते.